भुताळीचे केस

माझं नाव तुम्ही वाचलेलं नाही. सिनेमा संपून नावांची यादी वर सरकायला लागते तेव्हा तुम्ही अंधारात चपला शोधत असता. नट, गाणी, कॅमेरा, कपडे आणि मग कुठेतरी तळाशी, जेवण पुरवणाऱ्याच्या शेजारी ‘केशरचना : उषा’. आडनाव कधी असायचं, कधी नसायचं. तक्रार नाही. आमचं काम लोकांच्या नजरेत भरलं, तर ते बिघडलं असं समजायचं.

संपादकबाईंनी मोठ्या प्रेमाने सांगितलं, दिवाळीचा अंक आहे, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. एक मोठा नायक होता, त्याच्या डोक्यावर चार केस आणि विग डझनभर. त्याची बायको सेटवर आली की तो मला खुणेने बोलवायचा आणि मी पडद्याआड जाऊन त्याचा विग घट्ट करून द्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बाईंना पत्ता नाही, असं त्याला वाटायचं. बाई मला बाहेर भेटल्या की विचारायच्या, ‘आजचा कुठला लावलाय हो, तपकिरी की काळा?’ दुसऱ्या एक बाई, आयुष्यभर पडद्यावर सासूची कामं करणाऱ्या, केसांना पांढरा रंग लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, ‘म्हातारपण मागून आणायचं नसतं गं.’ मग त्यांची नजर चुकवून, गप्पांत गुंगवून, एकेक बट पांढरी करायची.

पण या वर्षी जे कळलं त्यानंतर या गमती सांगायला बसले की माझंच मन लागत नाही. तेव्हा संपादकबाईंची माफी मागून मी ‘भुताळी’चीच गोष्ट सांगते. सिनेमाचं खरं नाव वेगळं आहे. आम्ही आपसात त्याला भुताळी म्हणायचो, म्हणून इथेही तेच.

आधी काम समजून घ्या. सिनेमातली हेअरड्रेसर म्हणजे पार्लरवाली नव्हे. आमच्या काळी तोंडाला रंग लावायचा तो पुरुषांनी आणि केसांना हात लावायचा तो बायकांनी, असा युनियनचा रिवाज होता. त्यामुळे पुष्कळदा अख्ख्या सेटवर नायिकेखेरीज मी एकटीच बाई. केस सुंदर करणं हा कामाचा सोपा भाग. अवघड भाग केस तसेच ठेवण्याचा. नायिका रडत दारातून आत येते तो शॉट आज काढतात आणि ती दाराबाहेर रडते तो पुढच्या आठवड्यात. पडद्यावर मध्ये एक श्वाससुद्धा जात नाही. म्हणून कपाळावर कुठली बट होती, किती ओली होती, कुठल्या कानामागे गेली होती, हे सगळं पुन्हा जसंच्या तसं करायचं. विस्कटलेले केस सगळ्यांत कठीण. विंचरलेले केस कुणीही पुन्हा विंचरील. विस्कटलेले पुन्हा तसेच विस्कटायला हात लागतो. तो माझा होता, हे सांगायला मी लाजत नाही.

‘भुताळी’चं शूटिंग आमच्याच मुलखात होतं. मी मसोलीची. बाकीचं युनिट डहाणूला लॉजवर आणि मी स्वतःच्या घरी, आईच्या हातचं जेवून निघायची. सकाळी आशागडच्या रस्त्याने बस निघायची, हायवेला लागून विवळवेढ्यावरून तलासरीच्या पुढे एका पाड्यावर जायची. गोष्ट अशी की, गावात लागोपाठ माणसं आजारी पडतात, गाव एका एकट्या बाईला भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरवतं, तिला फरफटत नेऊन मारतं आणि मग ती परत येते. भुताळीचं काम करणारी रेवती. नवीन मुलगी, नाटकातून आलेली, गुडघ्याला टेकतील असे केस. तिला पहिल्या दिवशी पाहिलं आणि मी म्हटलं, ‘बाई गं, तू तर माझ्या पोटावर पाय आणलास, तुला गंगावनाचे खोटे केस लागणारच नाहीत.’ ती एवढी हसली की तिच्या हातातला चहा सांडला.

तिचं हसणं मी ऐकलं ते तेवढंच.

दिग्दर्शकांना सगळे साहेब म्हणायचे. तेव्हाच त्यांचं नाव मोठं होतं. आवाज कधी चढत नसे, हे मला आधी फार आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि शांतपणे सांगितलं, ‘उद्यापासून रेवतीशी कुणी बोलायचं नाही. जेवताना तिच्या शेजारी बसायचं नाही. गावाने वाळीत टाकलेली बाई आहे ती, तिला तसं वाटलं पाहिजे.’ लोकांनी माना डोलावल्या. काहींना तर ते भारी वाटलं, काय अभ्यास आहे साहेबांचा! माझ्याकडे वळून म्हणाले, ‘उषाताई, तुम्हाला हात लावावा लागेल. तोंड उघडू नका.’

तर मी तोंड न उघडता बोलायला लागले. विंचरताना टाळू जरा दाबायची, मानेवर हात ठेवायची. ती डोळे मिटून बसायची. विवळवेढ्याला बसमधून महालक्ष्मीच्या देवळाच्या दिशेला हात जोडायची तेव्हा तिचे ओठ हलायचे, तेवढाच तिचा दिवसभरातला संवाद. सेटवर साहेब तिच्याकडून एकच शॉट पुन्हा पुन्हा करून घ्यायचे आणि प्रत्येक वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, ‘पुन्हा. हिला जमत नाहीये.’ काय जमत नाहीये ते सांगायचे नाहीत. माझ्या कंगव्यात केस यायला लागले. आधी दोन-चार, मग गुंतवळ. एवढ्या तरण्या मुलीचे केस असे गळत नाहीत. ती आतून घाबरली होती आणि ते माझ्या हाताला कळत होतं.

मग फरफटण्याचा दिवस आला.

सिनेमात बाईला केस धरून ओढतात ते कसं करतात, सांगते. ओढणारा फायटर मूठ केसांत घालतो, पण आवळत नाही. नटी दोन्ही हातांनी त्याचं मनगट घट्ट धरते. वजन सगळं मनगटावर येतं, केसांवर काहीच नाही. ती ओरडते, पाय झाडते, तुम्ही खुर्चीत आक्रसता आणि तिला साधी कळही लागत नाही. हे शंभर सिनेमांत शंभरदा झालंय. सकाळी मी रेवतीचे केस सोडले, तेव्हा फायटर येऊन तिला मनगट कसं धरायचं ते दाखवून गेला. ती जरा निवांत झाली.

गर्दीसाठी पाड्यावरच्याच बायका होत्या. माणसं पुरवण्याचं काम आशागडच्या एका भाईकडे होतं. तो सकाळी डोकं धरून माझ्याकडे आला, ‘बेन, तुम्ही इथलेच ने? जरा समजवा ने ह्यांना. दगड मारायला ना पाडतात. थर्माकोलचे आहेत, बोललो. तरी ना.’

मी गेले. बायकांत पुढे लखमीबाई होत्या. त्या धवलेरी, म्हणजे वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. पाड्यात त्यांचा शब्द मोडत नसत. मला म्हणाल्या, ‘बाय, आमी उभ्या रावू. मागं मागं चालू. पन दगुड नाय मारायचा, आन् तो शबुद नाय बोलायचा. खोटाबी नाय.’

‘कुठला शब्द?’ मी विचारलं, आणि विचारल्या विचारल्या कळलं.

त्यांनी मान हलवली. ‘माझे मावशीला बोलले होते. मंग ती कुठं गेली, कोनाला ठावां नाय.’

मी साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, ‘ठीक आहे, शब्द नंतर डबिंगमध्ये टाकू.’ इतकं सहज ऐकलं की मला त्यांचा आदरच वाटला.

कॅमेरा सुरू व्हायच्या आधी साहेब रेवतीजवळ गेले आणि सहायकाला सुंभाने तिचे हात पाठीमागे बांधायला लावले. म्हणाले, ‘असं जास्त खरं दिसेल.’ मी लांब झाडाखाली, कंगवे घेऊन. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर वेळ लागला. हात बांधले तर ती मनगट धरणार कशाने? तेवढ्यात ‘ॲक्शन’ झालं.

फायटरने मूठ आवळली. खरी आवळली. त्याला तसं बजावलं होतं, हे मला मागाहून कळलं. त्याने ओढलं आणि ती जमिनीवरून फरफटत निघाली, सगळं वजन केसांवर. आणि तिने जी किंकाळी फोडली ती तुम्ही ऐकली आहे. महाराष्ट्रात जो कोणी सिनेमा बघतो त्याने ती ऐकली आहे. तिच्या नकला होतात, मोबाइलमध्ये लोक ती रिंगटोन म्हणून लावतात. आणि त्या किंकाळीवर साहेब भोंग्यातून ओरडायला लागले, ज्यांचा आवाज कधी चढत नसे ते साहेब, ‘भुताळी! भुताळी! भुताळी!’

मी धरून पन्नास माणसं होती तिथे, सगळी पुतळ्यासारखी. आमच्या हाडात मुरलेलं असतं की ‘कट’ ऐकू येईपर्यंत हलायचं नाही, फ्रेममध्ये जायचं नाही. घर पेटलं तरी नाही.

लखमीबाईंच्या हाडात तसलं काही मुरलेलं नव्हतं. त्या सरळ चालत फ्रेममध्ये गेल्या. फायटरच्या हातावर अशी चापट मारली की त्याची मूठ सुटली. मग खाली बसल्या आणि रेवतीचं डोकं मांडीवर घेतलं. ‘कट’ तेव्हा झालं. साहेब धावत आले, ‘काय करते ही बाई? हिला बाहेर काढा!’

लखमीबाई त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्यांनी एका सुनेला हाक मारली, ‘तेल आन गो!’

त्या पाड्याची रीत मला त्या दिवशी कळली. चारचौघांत एखाद्या बाईवर तो शब्द गेला, तर तो तसाच ठेवायचा नाही. भुताळीचे केस मोकळे, असं त्यांच्यात धरतात. म्हणून पाड्यातल्या बायकांनी तिला उघड्यावर, सगळ्यांच्या देखत बसवायचं, तिच्या केसांना तेल घालायचं आणि वेणी घालायची. जिची वेणी पाड्याने घातली तिला मग कुणी तसं म्हणू शकत नाही. हा सिनेमा आहे, हे सगळं खोटं आहे, हे त्यांना भाईने दहादा समजावलं होतं आणि त्यांना ते समजलंही होतं. पण शब्द उच्चारला गेला, बाई रडली. मग खोटं उरलं कुठे, असा त्यांचा हिशेब.

मोहाच्या बियांचं तेल आलं. दाट, उग्र वासाचं. बायका गोल करून बसल्या. एकीने हात सोडवले, एकीने पाणी पाजलं, लखमीबाईंनी ओंजळभर तेल त्या केसांत जिरवलं आणि पेडावर पेड टाकत वेणी घातली. कानामागे रक्त होतं, तिथे फार हळू. रेवती हुंदके देत होती आणि त्या म्हणत होत्या, ‘नाय गो, तू नाय. तू नाय.’

साहेब माझ्याकडे आले. आवाज परत खाली गेला होता. ‘तेल काढा. धुवा, सुकवा आणि सकाळसारखे करा. अजून दोन टेक हवेत. फायटरचा चेहरा नीट आला नाही.’

दोन टेक! मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझ्या आयुष्यात मी कुठल्याही दिग्दर्शकाला ‘होत नाही’ म्हटलेलं नाही, पाण्यात भिजलेले केस पाच मिनिटांत कोरडे करून दिलेत. त्या दिवशी मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, ‘साहेब, हे मोहाचं तेल आहे. हे निघत नाही.’

‘शॅम्पू लावा.’

‘शॅम्पूने आणखी चिकटतं. आठवडा तरी जाईल. मी इथलीच आहे, मला विचारा.’

साफ खोटं. गरम पाणी आणि शिकेकाई, दोनदा धुतलं की झालं असतं. पण केसांच्या बाबतीत माझ्या शब्दावर शंका घेणारा माणूस युनिटमध्ये नव्हता, साहेबसुद्धा घेत नसत. पाड्यावरचं काम त्या दिवशी संपवायचंच होतं, दुसऱ्या दिवसापासून शूटिंगला डहाणूजवळची चिकूची वाडी भाड्याने घेतलेली होती. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पॅक-अप म्हटलं. संध्याकाळी मॅनेजरकडून निरोप आला की उषाताईंना उद्यापासून यायची गरज नाही. बरं, नाही तर नाही. मी घरी गेले, आईला सगळं सांगितलं, आणि खरं सांगते, मी मनातून खूश होते. एका मुलीला मी वाचवलं, असं मला वाटत होतं. ते मी पुढे कितीतरी वर्षं कितीतरी जणांना सांगितलंय, जरा मीठमसाला लावूनच.

सिनेमा गाजला. दुसरा टेक नव्हताच, म्हणून तोच टेक त्यात आहे. माझ्या त्या खोट्यामुळे ती किंकाळी अमर झाली, असंही म्हणता येईल. रेवतीने त्यानंतर काम केलं नाही. लग्न झालं असेल, असं आम्ही म्हणायचो. नट्यांच्या बाबतीत लोक तेवढंच म्हणतात.

या वर्षी साहेबांना मोठा सन्मान मिळाला. त्यांची मुलाखत माझ्या भाचीने मोबाइलवर लावून दिली. मुलाखतकाराने त्या किंकाळीबद्दल विचारलं. साहेब हसले, म्हणाले, ‘ती अस्सल आहे. मी तिचे हात बांधले होते. अभिनय कधी कधी असा उपटून काढावा लागतो.’ आणि सभागृहात टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत बायका होत्या, त्यांनीही वाजवल्या. मी भाचीला म्हटलं, मागे घे, परत लाव. मला खात्री करायची होती की खरंच टाळ्या पडल्या.

त्यानंतर मला चैन पडेना. जुन्या कपडेपटवालीला विचारून, तिने आणखी कुणाला विचारून रेवतीचा पत्ता काढला. ती वापीला होती. तलासरीच्या पुढे, गुजरातची सीमा ओलांडली की वापी. म्हणजे इतकी वर्षं माझ्यापासून एवढ्याशा अंतरावर. मी फोन केला, मोठ्या उत्साहाने म्हटलं, ‘रेवती, मी उषाताई!’ ती म्हणाली, ‘काय काम आहे?’

तो आवाज ऐकून मी दुसऱ्याच दिवशी गाडी पकडली.

दार तिनेच उघडलं. केस मानेपर्यंत, वेडेवाकडे कापलेले. घरात दुसरं कुणी नव्हतं. पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. मग म्हणाली, ‘वापीला का राहिले, माहितीये? इथे मराठी सिनेमा कुणी बघत नाही.’ मी मुलाखतीचं बोलायला लागले, साहेबांना शिव्या द्यायला लागले. तिने मला मध्येच थांबवलं.

‘ताई, तुम्ही कशाला नाटक करता? तुम्हीच सांगितलंत ना त्यांना, हिचे केस मजबूत आहेत, ओढले तरी तुटणार नाहीत?’

मला काही कळेचना. ‘कोण म्हणालं?’

‘साहेब. त्याच संध्याकाळी. मी त्यांना विचारलं, उषाताईंना हे माहीत होतं का. म्हणाले, त्यांनीच केस तपासून सांगितलं, म्हणून तर मी धीर केला. मला खरं वाटेना. म्हटलं, उद्या सकाळी तुमचं तोंड बघून विचारीन.’ तिने माझ्या हातातलं पाण्याचं भांडं काढून घेतलं. ‘सकाळी तुम्ही आलाच नाहीत. मला वाटलं, तोंड दाखवायची लाज वाटली.’

मी खाली बसले. जमिनीवरच बसले. त्या माणसाने मला काढलं आणि माझ्या रिकाम्या जागेचाही उपयोग करून घेतला. सेटवर त्या मुलीला हात लावणारी मी एकटी होते आणि त्याने तोच हात तिच्यापासून तोडला. हे सुचतं कसं माणसाला? शांत आवाजात, चहा पिता पिता, हे सुचतं कसं? मी तिला सगळं सांगितलं. तेलाचं खोटं, मॅनेजरचा निरोप, सगळं. मीठमसाला न लावता.

तिने ऐकून घेतलं. रडली नाही. म्हणाली, ‘मी तेव्हापासून कुणाला केसांना हात लावू दिला नाही. घरीच कापते. मागून दिसत नाही, वाकडे होतात.’ आणि आत जाऊन कात्री घेऊन आली.

खुर्ची बाल्कनीत ठेवून ती पाठमोरी बसली. मी आधी विचारलं, हात लावू का. ‘लावा,’ म्हणाली. केस बाजूला घेतले तर कानामागे रुपयाएवढी जागा, गुळगुळीत. तिथे केस पुन्हा आलेच नव्हते. मी कंगवा लावला नाही, बोटांनीच सारखे केले आणि हळूहळू कापायला लागले.

‘एवढी वर्षं मी तुमच्यावर राग धरला, ताई,’ ती समोर बघत म्हणाली. ‘साहेबांवर नाही. त्यांना मी दर वर्षी वाढदिवसाला फोन करते. ते लगेच ओळखतात. म्हणतात, माझी भुताळी.’

माझा हात थांबला.

‘यंदाही केलास?’

‘वाढदिवस परवा आहे,’ ती म्हणाली आणि मान आणखी खाली घातली. ‘कापा ना, ताई. थांबलात का?’